‘मम्मी, घरी करताय ना?’

ताई, माझा धाकटा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात झाला, बरेच दिवस काचेत होता. दीड वर्षाचा झाला तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाली नीट होत नाहीत, त्यातलं डायप्लेजिया. हात चांगले चालतात, पाय कडक. वॉकर धरून घरात फिरतो. आठवड्यातून तीनदा मी त्याला थेरपीला नेते. मॅडमनी घरी करायला अकरा व्यायाम दिलेत, दिवसातून दोनदा, आणि झालेल्या व्यायामापुढे बरोबरच्या टिका करायला वही. खरं सांगते, निम्मेच होतात, कधी तेही नाही. मिस्टर अंबडला कंपनीत, त्यांच्या शिफ्ट बदलत्या. मोठा तिसरीत. थेरपीच्या आदल्या रात्री बसून मी टिका भरते. मॅडम विचारतात, “मम्मी, घरी करताय ना?” मी हो म्हणते. मग म्हणतात, “मग रिझल्ट का नाही?” आणि अजून दोन वाढवतात. पायाला आधाराचे नवीन स्प्लिंट घेतले, तर उजव्या घोट्याखाली लाल होतं आणि तो रडतो. सांगितलं, तर म्हणाल्या, “सवय होईल, तुम्ही फार हळव्या आहात.” शाळा म्हणते, आईने वर्गात बसून राहा. सासूबाई म्हणतात, लेकराला रडवू नको, सोड ते सगळं. सेंटर बदलू का? की माझंच चुकतंय? त्याला फक्त दादाशेजारी बसून जेवायचं असतं, तेवढंच तो मागतो.
— एक आई, सिडको, नाशिक

ताई, सेंटर बदलायचं की नाही ते शेवटी बघू. आधी वही.

टिकांचं तुम्ही दोन ओळींत, जाता जाता उरकलंत. मला मात्र पत्रातली बाकीची बरीच दुखणी त्या वहीतच अडकलेली दिसतात. जरा मॅडमच्या खुर्चीत बसून बघा. त्यांच्यासमोरच्या कागदावर असं एक मूल आहे, ज्याच्या घरी दिवसातून दोनदा अकराच्या अकरा व्यायाम होतात, एका दिवसाचा खाडा नाही. तरी पाय तेवढेच कडक. त्यांनी काय समजायचं? एकतर व्यायाम कमी पडताहेत, म्हणून दोन वाढवा. नाहीतर या मुलाचा कडकपणा आपल्याला वाटला त्याहून जास्त आहे. हा दुसरा निष्कर्ष मला जास्त काळजीचा वाटतो. कडकपणा कमी करायची इंजेक्शनं, प्लास्टर, पुढे ऑपरेशनचं बोलणं, हे सगळं ‘घरी नीट चाललंय तरी फरक नाही’ एवढ्या वाक्यावरून पुढे सरकू शकतं. आदल्या रात्री भरलेल्या टिका त्या निर्णयात जाऊन बसतात.

मी ओरडत नाहीये. अकरा व्यायाम दोनदा, एकेकाला पाच मिनिटं धरली तरी दिवसाची ११० मिनिटं झाली. त्यात डबे, मोठ्याचा अभ्यास, नळाचं पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, आणि थेरपीच्या दिवशी जाण्यायेण्यात मोडणारा अख्खा अर्धा दिवस. कुठल्याच घरात पुरा होणार नाही असा कार्यक्रम दिला, की वह्या अशाच भरतात. शिवाय विचारणंही असं, की नाही म्हणायला तोंडच उघडू नये, आणि बाहेर बाकावर चार आया कान देऊन बसलेल्या.

तर पुढच्या खेपेला जा आणि सरळ सांगा. सगळ्यांसमोर नको, दहा मिनिटं वेगळी मागून घ्या. मिळत नसतील तर म्हणा, “मॅडम, या आठवड्यातलं एक सेशन आपण व्यायाम न घेता बोलायला वापरू, फी मी देतेच आहे.” हे फार कमी पालकांना सुचतं. अर्धा तास मुलाचे पाय ताणण्यापेक्षा त्या अर्ध्या तासात ठरलेली एक गोष्ट पुढचे दोन महिने कामाला येते. आणि बोलताना साधारण असं बोला: “वहीतल्या टिका सगळ्या खऱ्या नाहीत. माझ्याच्याने रोज पंधरा-वीस मिनिटं होतात, तीही संध्याकाळी. तेवढ्यात बसेल असं सांगा, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं तेही सांगा.” मॅडम चिडतील कदाचित. म्हणतील, इतके दिवस का नाही सांगितलं? “तुम्ही रागवाल म्हणून,” एवढंच म्हणा आणि गप्प बसा. शिफ्ट, सासूबाई, पाहुणे, ही यादी तिथे काढू नका. बाजू मांडायला लागलात की बोलणं तुमच्यावर जाईल, मुलावरून सुटेल.

पंधरा-वीस मिनिटांची लाज वाटायचं काहीही कारण नाही. ऑस्ट्रेलियातल्या इओना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरच्या कार्यक्रमांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या घरांत कार्यक्रम महिन्यातून साधारण सतरा-अठरा वेळाच व्हायचा, आणि एका वेळी सरासरी सोळा-सतरा मिनिटं. म्हणजे रोजसुद्धा नाही. तरीही आठ आठवडे असं करणाऱ्या मुलांत, असा कार्यक्रम नसलेल्या मुलांपेक्षा फरक दिसला. मात्र त्यांची सुरुवातच वेगळी होती. काय साधायचं ते आधी घरच्यांनी सांगायचं, मग थेरपिस्टने त्याला साजेसं काम निवडायचं, मधूनमधून घरच्यांना हात द्यायचा, आणि शेवटी दोघांनी मिळून बघायचं की जमलं का. तुमच्या अकरा व्यायामांत तुमच्या घराने मागितलेलं एक तरी आहे का? पत्रावरून तरी नसावं.

ही तक्रार तुमच्या मॅडमपुरती नाही. पालक आणि तज्ज्ञ यांच्यात तीन तऱ्हा दिसतात, असं ब्रिटनमधल्या कनिंगहॅम आणि डेव्हिस या दोघांनी १९८५ मध्येच मांडलं होतं. एका तऱ्हेत तज्ज्ञ सांगतात आणि पालक मान डोलवतात. दुसरीत तज्ज्ञ आपलंच काम पालकाच्या हाती सोपवतात, पण काय करायचं ते ठरवणार तज्ज्ञच. तिसरीत पालकाला निवडीचा हक्क असतो, माहिती त्याच्यापुढे ठेवून त्याच्याशी बोलून ठरतं. आपल्याकडची बरीच सेंटरं पहिल्या तऱ्हेतून उठून दुसरीत येऊन बसलीत, आणि ‘आम्ही पेरेंट्सना इन्व्हॉल्व्ह करतो’ असं अभिमानाने सांगतात. तज्ज्ञाचं काम घरात आणून रुजवायचं म्हणजे कलमच, आणि निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही द्राक्षवाला सांगेल, कलम बांधायच्या आधी जमीन आणि खुंट बघावा लागतो. तुमच्याकडे न बघताच बांधलंय.

आणि आईबापांना यातलं काय कळतं, असं नाशिकमध्ये तरी कुणी म्हणू नये. स्वतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई असलेल्या रजनी लिमये यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. या शहरातलं विशेष शिक्षणाचं केवढं तरी काम एका आईने उभं केलंय.

आता जेवणाकडे येऊ. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाक्य ते वाटलं, आणि ते तुम्ही अगदी शेवटी टाकलंय.

तो जमिनीवर दादाशेजारी बसून का जेवू शकत नाही, ते बघा. डायप्लेजियाच्या मुलांचे मांडीमागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बहुतेकदा आखडलेले असतात. पाय पुढे पसरून बसवलं की ते ओढतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, आणि मूल मागे पडू नये म्हणून हात जमिनीवर टेकवतं. हात टेकण्यात गुंतले, घास कशाने घेणार? नाहीतर तो दोन्ही पाय मागे टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखा बसत असेल, कारण तसं बसलं की तोल जात नाही, आणि मॅडम ओरडत असतील की तसं बसवू नका. बरोबर? मग त्या पोराने बसायचं तरी कसं, ते कुणी सांगितलंय का?

बुटक्या स्टुलावर बसवलं, गुडघे काटकोनात आणि तळवे पुरते जमिनीला टेकलेले, की बऱ्याच मुलांचे हात मोकळे होतात. स्टुलाची उंची किती, पाठीला टेका हवा की नको, समोर ताटाला चौरंग किती उंचीचा, हे मॅडमनी त्याची पोटरी मोजून सांगायचं. हे त्यांचं ज्ञान आहे, तुम्ही-आम्ही अंदाजाने करायचं नाही. पण रात्रीचं जेवण किती वाजता होतं, दादा कुठे बसतो, मधे टीव्ही चालू असतो का, पोराला वरण-भात आवडतो की खिचडी, चमचा कुठल्या हाताने धरतो, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. दोन्ही एकत्र आलं की एक वाक्य तयार होतं: सहा आठवड्यांत त्याने स्टुलावर बसून, टेका न घेता, दादाशेजारी दहा मिनिटं आपल्या हाताने जेवावं. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या अक्षरात लिहून घ्या.

मग त्या अकरांतले बरेच आपोआप गळतील. हॅमस्ट्रिंगचं ताणणं राहील, कारण त्याशिवाय नीट बसताच येणार नाही. तोल सांभाळायचं काम राहील, पण ते आता जेवतानाच होईल: भाकरी मुद्दाम जरा डावीकडे ठेवायची, म्हणजे तो तिकडे झुकून पुन्हा सरळ होईल. हात धुवायला उठायचं तर स्टुलावरून वॉकर धरून उभं राहणं आलं. तेही व्यायामच. कुठले ठेवायचे आणि कुठले सध्या बाजूला, हे मात्र मॅडमनाच ठरवू द्या. आणि टिकांऐवजी रोज एक ओळ लिहा, येईल तशा मराठीत. ‘आज सात मिनिटं बसला, उजवीकडे कलत होता, भात सांडला, मजेत होता.’ अशा आठ ओळी वाचून थेरपिस्टला जे कळतं ते शंभर टिकांतून कळत नाही. ‘आज काहीच नाही केलं, मोठ्याला ताप’ हीसुद्धा ओळच.

यात सासूबाईंचाही उपयोग होईल बघा. त्या थेरपीच्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही, त्यांना नातवाचं रडणं बघवत नाही. रडणं नसलेलं, ताटापाशीचं काम त्यांच्याकडे सोपवलंत तर कदाचित तुमच्यापेक्षा नेमाने करतील. मिस्टरांना सुट्टीच्या दिवशी एकदा सेंटरवर न्या, आणि मॅडमना म्हणा, स्टुलावरून उभं करायचं त्यांना शिकवा. बापाने स्वतःच्या हाताने केलं की घरात परत परत समजावून सांगायची तुमची अर्धी दगदग वाचेल.

एक अवघड गोष्ट सांगते, कारण ‘रिझल्ट’ हा शब्द तुमच्या डोक्यात फिरत असणार. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची चालण्या-बसण्याची क्षमता पाच पातळ्यांत मांडतात, जीएमएफसीएस नावाने, १९९७ पासून. हाताने धरायच्या वॉकरवर चालणारं मूल साधारण तिसऱ्या पातळीत येतं, पण तुमच्या मुलाची पातळी मॅडमनाच विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. कॅनडातल्या शेकडो मुलांच्या वाढीवरून २००२ मध्ये असं दिसलं, की उठणं-बसणं-चालणं यांतली जी काही क्षमता मूल गाठणार असतं, त्यातली नव्वद टक्के साधारण पाचव्या वर्षापर्यंत किंवा त्याआधीच गाठलेली असते. तुमचा साडेपाचचा. म्हणजे चालण्यात यापुढे झपाट्याने फरक दिसला नाही, तर तो तुमच्या न केलेल्या व्यायामांचा दोष म्हणून कुणी तुमच्या पदरात टाकू नये. जेवणं, कपडे घालणं, बोलणं, मित्र करणं, शाळेत रमणं, हे शिकायचं वय तर आत्ता कुठे सुरू होतंय. आणि पातळी विचाराल तेव्हाच हेही विचारा, की खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी झाला. पातळीचा आकडा जितका मोठा, म्हणजे हालचाल जितकी अवघड, तितका खुबा सांध्यातून सरकण्याचा धोका जास्त, आणि सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे घरी कळत नाही.

मॅडमची बाजूही थोडी सांगते, कारण हे सदर बरेच थेरपिस्ट वाचतात आणि मला कडक पत्रं पाठवतात. एकामागून एक मुलं, प्रत्येकाला अर्धा तास, त्यातच नोंदी. काही पालक एकाच वेळी तीन ठिकाणी जातात आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. काही जण मूल सोडून बाजारात जातात. काहींना पुढच्या महिन्यात मूल पळायला हवं असतं. हे सगळं खरं. तरी ‘तुम्ही फार हळव्या आहात’ हे वाक्य बोलायला या कशाचीच परवानगी मिळत नाही. आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्या बाईला ‘मम्मी’ म्हणण्याऐवजी तिचं नाव विचारायला किती वेळ लागतो?

शाळेचं थोडक्यात. आईने रोज वर्गात बसून राहावं, ही शाळेची सोय झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा रोख उलटा आहे: मुलाला लागणारी मदत आणि सोयी शाळेने उभ्या करायच्या. सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आता काढाच, लवकरच सहा पूर्ण होतील. महापालिकेच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचं काम कोण बघतं ते विचारून त्यांना शाळेत बोलवा. आणि मॅडमकडून शाळेसाठी एक पानभर लिहून मागा: बाकाची उंची, तळमजल्यावरचा वर्ग, लघवीला नेताना कसं धरायचं, कितीदा उभं करायचं. शाळेच्या बाईंना बहुतेकदा मुलाचीच भीती वाटत असते, आपल्या हातून त्याला काही होईल म्हणून. एका पानाने ती पुष्कळ उतरते.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठवड्याच्या तीन फेऱ्या म्हणजे ते असणारच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, आणि त्यांच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात नियमित थेरपीचाही भाग आहे. चौकशी करा.

आता सेंटर. लगेच बदलू नका. खोट्या वहीवर चाललेल्या थेरपीवरून ती थेरपिस्ट कशी आहे, हे तुम्हालाही ठरवता येणार नाही. खरं सांगा, जेवणाचं वाक्य लिहून घ्या, सहा आठवडे द्या. त्या काळात मॅडमनी एकदा जरी विचारलं, “स्टुलाचं कसं चाललंय?” तर तिथेच राहा. पुन्हा अकरा व्यायामांची यादी हातात आली तर मात्र बिनदिक्कत दुसरं ठिकाण बघा, आणि जाताना तपासणीच्या नोंदींच्या प्रती मागून घ्या, त्या तुमच्या मुलाच्या आहेत. नव्या ठिकाणी नोंदणी विचारायला लाजू नका: फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्रात राज्याची परिषद आहे, विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. दुसरं मत हवं असेल तर आधी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे.

स्प्लिंटसाठी मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. आज रात्री काढल्या काढल्या घोट्याचा फोटो घ्या, अर्ध्या तासाने परत एक, मोबाइलवर वेळ दिसतेच. अर्ध्या तासानेही लाली तशीच असेल तर माप चुकलंय, ‘सवय’ लागायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही फोटो मॅडमना आणि ज्यांनी स्प्लिंट बनवला त्यांना एकदमच पाठवा, आणि गरम करून तेवढा भाग मोकळा करून द्या म्हणा. मोजून केलेल्या स्प्लिंटला अशी दुरुस्ती लागतेच. कातडी सोलली असेल, फोड आला असेल, तर दुरुस्त होईपर्यंत तो पाय त्यात घालू नका, कुणी काहीही म्हणो.